‘रफ’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अक्षरजुळणी
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीनशॉपमध्ये नव्याने कामाला लागणाऱ्या मुलांसाठीचं एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. मुलं बेळगाव, खानापूर, चंदगड भागातली, बहुतेक मराठी माध्यमातून आलेली. मूळ मजकुरात ‘रफ’ हा शब्द जागोजागी आहे आणि पहिल्या भाषांतरात त्याला सगळीकडे ‘खडबडीत’ लावून टाकलंय. त्यातून ही वाक्यं तयार झालीत (‘जॉब’ म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा):

खडबडीत कास्टिंग आधी तपासा.
जॉबची खडबडीत आकृती काढा.
लागणाऱ्या मालाचा खडबडीत अंदाज घ्या.
मायक्रोमीटर खडबडीतपणे हाताळू नका.
डिझेल इंजिन खडबडीत चालत असल्यास फिल्टर बघा.
पृष्ठभागाचा खडबडीतपणा १.६ मायक्रॉनच्या आत हवा.

यातलं एकही वाक्य कानाला पटत नाही. एकच शब्द सगळीकडे चालवणं शक्य आहे का? जागेनुसार बदलायचा असेल तर कोणत्या खुणेवरून बदलायचा? नुसती समानार्थी शब्दांची यादी नको, निवडायची रीत हवी आहे.

निपाणी_नाका
एक शब्द कशाला शोधूलाय ओ? ‘रफ’च राहू दे की. शाळेच्या वहीपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना कळतो.

लेथ_आणि_मी
निपाणीकरांशी अर्धा सहमत. ‘रफिंग’, ‘रफ कट’, ‘रफ कास्टिंग’ ही कामाची नावं आहेत, ती तशीच ठेवा. सुपरवायझर ‘रफिंग मार’ असंच म्हणणार. पत्रकात ‘स्थूल कर्तन’ छापलं तर मुलगा दोन्हीकडून अडकेल. पण नाव तसंच ठेवलं तरी त्याचा अर्थ मराठीत उलगडून सांगायला हवा, कारण ‘रफ’ म्हटलं की ‘कसंही केलं तरी चालतं’ अशी समजूत होते. मशीनशॉपमध्ये ती महागात पडते.

रफ कास्टिंग म्हणजे फाउंड्रीतून वाळू झाडून, फेटलिंग (जादा कडा काढणं) आणि शॉट ब्लास्टिंग (छर्र्यांच्या माऱ्याने साफ करणं) होऊन आलेला, पण अजून मशीनिंग न झालेला माल. तो खडबडीत असतो म्हणून त्याला रफ म्हणत नाहीत, त्याचं काम व्हायचं आहे म्हणून म्हणतात. मराठीत ‘कच्चं कास्टिंग’ म्हटलं की अर्थ बरोबर बसतो.

रफिंगमध्ये कमी वेळात जास्त माल काढायचा असतो. लहान बिडाच्या जॉबवर साधारण ३ मिलिमीटर माल मशीनिंगसाठी ठेवलेला असतो. पहिला कट २ ते २.५ मिलिमीटर खोल, फीड, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर, ०.३ मिलिमीटरच्या आसपास. पहिला कट भीत भीत अर्धा मिलिमीटर घेतला की टूलचं टोक वरच्या कातडीतच घासत राहतं. त्या कातडीत वाळूचे कण असतात, भरभर थंड झाल्यामुळे ती कडकही झालेली असते. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) दोन-चार जॉबमध्येच बोथट होतो. टोक कातडीच्या खाली उतरवायचं आणि मऊ बिडात चालवायचं, हे पत्रकात ठळक द्या.

शेवटी फिनिशिंगला बाजूला ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवायचं. रफिंग झाल्यावर चकचा, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीचा, जोर थोडा सैल करून पुन्हा पकडायचं, मगच फिनिश कट. जड कट घेतल्यावर जॉबमधला ताण मोकळा होतो आणि जॉब थोडा वाकतो. न सोडता तसाच फिनिश मारला तर मशीनवर माप बरोबर येतं आणि खाली काढल्यावर गोल जॉब अंडाकृती निघतो.

अक्षरजुळणी
हे अगदी हवं होतं. म्हणजे कास्टिंगला ‘कच्चं’. मग १.६ मायक्रॉनवाल्या वाक्यात कोणता शब्द? तिथे ‘कच्चेपणा’ म्हणता येणार नाही.

लेथ_आणि_मी
तिथे ‘खरखरीतपणा’. ‘खडबडीत’ नको, आणि त्याला कारण आहे.

खडबडीत डोळ्यांना दिसतं, खरखरीत बोटांना कळतं. रस्ता खडबडीत असतो आणि पॉलिश पेपर खरखरीत. ड्रॉइंगवर मागतात ती बोटाच्या पातळीवरची गोष्ट. टेस्टरची हिऱ्याची सुई जॉबवरून सरकते तेव्हा त्या रेषेतले बारीक चढउतार एकीकडे आणि मोठ्या लाटा दुसरीकडे अशी वेगळी मोजणी होते. नेहमीच्या कामाला ही चाळणी ०.८ मिलिमीटरला लावलेली असते. त्याहून लांब लाट ‘रफनेस’मध्ये धरत नाहीत, तिचं नाव ‘वेव्हिनेस’. म्हणजे इंग्रजीने दोन शब्द केलेत आणि आपल्याकडे ते आधीपासून आहेत.

खरखरीतपणा कुठून येतो तेही सांगतो. टूलच्या टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर असेल आणि फीड फेऱ्याला ०.२, तर टूलच्या चाकोऱ्यांची खोली कागदावर येते फीडचा वर्ग भागिले आठ गुणिले गोलाई. ०.०४ भागिले ६.४, म्हणजे ६.२५ मायक्रॉन. ही शिखरापासून तळापर्यंतची उंची. ड्रॉइंगवरचा आकडा सरासरीचा असतो, तो साधारण याच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे १.६ च्या जवळ. फीड निम्मा करून ०.१ केला तर खोली निम्मी होत नाही, चौथाई होते, १.५६ मायक्रॉन. प्रत्यक्षात याहून थोडं वाईटच मिळतं, कारण टूल झिजलेलं असतं, जॉब थरथरतो, टोकाला माल चिकटतो.

जुना_हायवे_चार
आणि सगळीकडे गुळगुळीतच चांगलं असंही नाही. पंक्चर काढताना ट्यूब मुद्दाम रफ करावी लागते. छिद्राभोवती पॅचपेक्षा बोटभर मोठा भाग घासून काळा चकाकणारा थर निस्तेज होईपर्यंत काढायचा, भुकटी पुसायची, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, पाच-एक मिनिटं, थांबायचं. घाई करून ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला तर आत अडकलेली वाफ पॅच उचलते. न घासता लावला तर पॅच ट्यूबला धरतच नाही, वरच्या थरालाच चिकटतो आणि त्या थरासकट सुटतो.

याला आमच्याकडे ‘रफ करणे’ म्हणतात. चांगल्या मराठीत ‘खरवडणे’.

ओळंबा
वरच्या मुद्द्याला जोडून, बांधकामात हेच. कॉलम-बीमवरचं शटरिंग काढलं की काँक्रीट आरशासारखं निघतं. त्यावर थेट प्लास्टर मारलं की ते टिकत नाही. आधी टाचे, म्हणजे छिन्नीचे घाव, मारायचे, दोन-तीन मिलिमीटर खोल, जवळजवळ. ब्रशने धूळ काढायची, पाणी मारायचं, सिमेंटचं पातळ पाणी फिरवायचं आणि ते ओलं असतानाच प्लास्टर. वीटकाम आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे कोंबडीजाळी ठोकायची, नाहीतर त्या रेषेत चीर ठरलेली. टाचे मारले नसतील तर काही महिन्यांनी बोटांच्या सांध्यांनी ठोकून बघा, भद्द आवाज येतो. तो भाग सुटलेला असतो, पडायचा तेवढा बाकी.

बाहेरच्या भिंतीचं रफ प्लास्टर म्हणजे सँडफेस. पहिला हात १२ ते १५ मिलिमीटर, एकाला चार. ओला असतानाच त्यावर नागमोडी रेघा ओढायच्या, दुसऱ्या हाताला पकड मिळावी म्हणून. पाणी मारून पक्का झाला की दुसरा हात ६ ते ८ मिलिमीटर, चाळलेल्या वाळूचा. शेवटी लाकडी फळी फिरवून स्पंजने वाळूचा कण उघडा करायचा. इथे लोखंडी थापी घोटली की सिमेंटची साय वर येते आणि वाळल्यावर केसासारख्या चिरा पडतात. बेळगाव-खानापूरचा पाऊस त्या चिरांतून आत येतो. आतल्या भिंतीला नीरू (चुन्याचा बारीक हात) घोटतो, तिथे मात्र गुळगुळीतच हवं.

म्हणून ‘रफ प्लास्टर’ला कच्चं प्लास्टर म्हणू नका. ते पक्कं काम आहे, फक्त दाणेदार.

पाटावरवंटा
ओळंबाकाकांचे टाचे वाचून पाट्याची आठवण झाली. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही, मसाला नुसता सरकतो. मग टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून घ्यायच्या. टाकी लावली की पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायचे, पुन्हा एकदा तसंच करायचं, मगच खायचं काही वाटायचं. नाहीतर दगडाची कचकच दातांखाली येते. पिठाच्या चक्कीच्या दगडांचंही तेच. दगड बोथट झाले की पीठ दळलं जाण्याऐवजी रगडलं जातं, गरम होऊन बाहेर पडतं आणि त्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते.

पण स्वयंपाकघरात ‘रफ’ शब्द कुणी वापरत नाही, इतके नेमके शब्द आपल्याकडे आहेत. थालीपिठाची भाजणी भरड. बेसनाच्या लाडवाचं पीठ रवाळ. शेंगदाण्याचा कूट जाडसर. खलबत्त्यात नुसती फोडलेली मिरी ओबडधोबड. आणि आपला कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) रवाळ की दाणेदार यावर घरोघरी वाद. दूध निम्मं आटल्यावर थोडं दही घातलं तर बारीक कणी पडते आणि ती साखरेत शिजून मऊ राहते. दही आधी घातलं किंवा जास्त पडलं तर कणी चिवट होते, मग ते रवाळ नाही, चोथट.

निपाणी_नाका
पाटावरवंटा ताई, कुंद्यात दाणेदार म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक मत धरा.

खानापूरचं_भात
भाषांतरकारांसाठी एक धोक्याची सूचना. शेतीच्या इंग्रजी बाजारभावात ‘रफ राइस’ दिसतं. शिकागोच्या वायदेबाजारात याच नावाने व्यवहार होतो. त्याचं मराठी ‘खडबडीत तांदूळ’ नाही, ‘जाडा तांदूळ’ही नाही. ते साधं ‘भात’ आहे, टरफलासकट. खानापुरात भात म्हणजे शेतातलं आणि तांदूळ म्हणजे गिरणीतून आलेला, हा फरक पोरांनाही माहीत असतो. क्विंटलभर भात भरडलं तर साधारण ६५ किलोच्या आसपास तांदूळ मिळतो, २० किलोच्या आसपास तूस जातं, बाकी कोंडा वगैरे. ‘रफ राइस’चा दर तांदळाचा समजून कुणी हिशेब केला तर तिसरा हिस्सा हवेत गेला.

घटप्रभाकाठ
खानापूरकरांनी सांगितलं तसंच जनावरांच्या खाद्यातही होतं, उलट जास्त वाईट. ‘रफेज’चं भाषांतर ‘भरड खाद्य’ असं वाचायला मिळतं. अर्थ अगदी उलटा होतो! आपल्याकडे भरडा म्हणजे मक्याचा, गव्हाचा जाडसर दळलेला खुराक. रफेज म्हणजे वैरण: कडबा, हत्तीगवत, उसाचं वाडं. वैरणीत तंतू जास्त असतात, कोरड्या वजनात १८ टक्क्यांच्या वर. ‘जनावराला भरड खाद्य वाढवा’ असं वाचून कुणी भरडा वाढवला तर पोटात आम्लता होऊन गाय बसेल.

४०० किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा अंश लागतो, त्यातला दोन तृतीयांश वैरणीतून यावा. ओल्या वैरणीत पाणीच तीन चतुर्थांश असतं, म्हणून वजन धरताना फसू नका. वाडं एकट्यावर चालवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातला चुना कमी होतो. कडबा मिसळा आणि खनिज मिश्रण द्या.

इथेही खरखरीतपणा कामाचा. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवायची. भुशासारखी बारीक केली तर गाय रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते, पोटातलं आम्ल वाढतं आणि डेअरीत फॅट उतरतं. सगळ्यात आधी फॅटच्या आकड्यात दिसतं, नंतर शेणात.

लेगस्टंप
क्रिकेटमधला ‘रफ’ राहिला. तो कच्चाही नाही, भरडही नाही, ती उकरलेली जागा. उजव्या हाताचा गोलंदाज स्टंपांच्या डावीकडून टाकतो, त्याचे खिळे त्याच बाजूला माती उकरतात. पुढच्या षटकांत त्या टोकाला उजवा फलंदाज उभा राहिला की ती जागा त्याच्या लेग स्टंपाबाहेर येते. लेगस्पिनरचं घबाड ते. डावखुरा वेगवान संघात असेल तर ऑफ स्टंपाबाहेरही तयार होते आणि ऑफस्पिनर खूश. मधल्या पट्ट्यात, पॉपिंग क्रीझपासून ५ फुटांच्या पुढे आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १ फूट, गोलंदाजाने पाय टाकायचा नाही. पंच आधी ताकीद देतात.

चेंडूची खरखरीत बाजू हा आणखी वेगळा विषय. नेहमीच्या स्विंगमध्ये चेंडू खरखरीत बाजूकडे वळतो, कारण त्या बाजूची हवा घुसळलेली असते आणि ती चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते.

मागावरचा
कापडाला आपल्याकडे जोडशब्द आहे, जाडंभरडं. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. जाडं म्हणजे सूत जाड, भरडं म्हणजे सूत कमीजास्त, गाठीगाठीचं. सुताचा काउंट मोठा तितकं सूत बारीक. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा म्हणजे काउंट. २० काउंटचं सूत एकसारखं असेल तर कापड जाड होतं पण टोचत नाही. ४० काउंटचं कमीजास्त असेल तर पातळ असूनही अंगाला लागतं.

बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदत्वासाठी महिन्याला २००० यार्ड सूत ही अट आली. त्यात सूत ‘एकसारखं’ कातलेलं हवं असं स्पष्ट होतं. नुसती लांबी नको, सारखेपणा हवा. हुदलीची खादी हातात घेऊन बघा, चांगल्या कातणाऱ्याचं सूत जाड असूनही भरड लागत नाही.

विकत घेताना एक फसगत टाळा. नवं कापड खळीमुळेही ताठ आणि खरखरीत लागतं. कोपरा ओला करून दोन बोटांत चोळा. बोटं चिकट झाली आणि कापड मऊ पडलं तर ती खळ, दोन धुण्यांत जाईल. तरीही टोचत असेल तर सुतातच भरडपणा आहे, तो जात नाही.

कच्ची_वही
अक्षरजुळणी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. निवडायची रीत मागितलीत ना? ‘रफ’ची उलट बाजू विचारा. इंग्रजीतला शब्द एकच असला तरी त्याचा विरुद्धार्थी शब्द वाक्यागणिक बदलतो आणि तो लगेच आठवतो.

रफ वहीच्या उलट काय? गुळगुळीत वही नाही, पक्की वही. म्हणून कच्ची वही. भूमितीच्या मराठी पुस्तकात रचना करण्याआधी ‘कच्ची आकृती’ काढायला सांगतात, तुमच्या दुसऱ्या वाक्याचा शब्द तिथेच तयार आहे.
रफ अंदाजाच्या उलट नेमका अंदाज. म्हणून ढोबळ अंदाज, बोलताना अदमासे.
रफ हाताळणीच्या उलट अलगद हाताळणी. म्हणून धसमुसळेपणा.
रफ हातांच्या उलट मऊ हात. म्हणून राठ.
रफ दगडाच्या उलट घडीव दगड. म्हणून ओबडधोबड.
रफ आवाजाच्या उलट गोड आवाज. माणसाचा असेल तर घोगरा, यंत्राचा असेल तर कर्कश.
रफ स्वभावाच्या उलट मवाळ. म्हणून रांगडा किंवा राकट, आणि ते दोन्ही शिव्या नाहीत.

विद्यार्थ्यांना हे दोन मिनिटांत जमतं. उलट शब्द सुचला नाही तर समजायचं की इंग्रजी वाक्याचाच अर्थ अजून लागलेला नाही.

खल_आणि_बत्ता
कच्ची वही ताईंची रीत आयुर्वेदात तयारच आहे. वीस गुण जोड्याजोड्यांनी सांगितलेत, प्रत्येकाला त्याचा उलटा. त्यात इंग्रजी ‘रफ’ दोन जोड्यांत फुटतो: रूक्षच्या समोर स्निग्ध आणि खरच्या समोर श्लक्ष्ण. रूक्ष म्हणजे तेलकटपणाचा अभाव, खर म्हणजे पृष्ठभागच चरचरीत. उपचारही वेगळे. थंडीत हात रूक्ष झाले तर तेल लावलं की झालं. टाचा खर झाल्या असतील तर नुसतं तेल वरच राहतं. आधी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचे, वजरीने हलक्या हाताने मेलेली कातडी काढायची, पुसून मगच तेल. मधुमेह असलेल्यांनी वजरी लावू नये, पायाची संवेदना कमी असते, जखम झालेली कळत नाही.

धातुपाठ
व्युत्पत्तीचं थोडं. इंग्रजी शब्दाच्या शेवटी आज ‘फ’ ऐकू येतो, पण जुन्या इंग्रजीत तो ‘रूह’ असा होता आणि शेवटी घशातला, ‘ख’च्या जवळचा आवाज होता. तो स्पेलिंगमध्ये राहून गेला. ‘टफ’, ‘इनफ’, ‘लाफ’ अशा काही शब्दांत तो ‘फ’ झाला, ‘दो’ (though) आणि ‘थ्रू’ (through) मध्ये नाहीसाच झाला. जर्मनमध्ये याच कुळातला शब्द आजही ‘राउ’ आहे. म्हणजे मूळ शब्दात खरखर होती, ती बोलण्यातून गेली. ‘रूक्ष’ ऐकायला जवळचा वाटतो, पण एवढ्यावरून नातं लावू नये.

आपल्या शेजारच्या कन्नडकडेही बघा, पत्रक वाचणाऱ्यांत कन्नड बोलणारी मुलंही असणार. तिथे पृष्ठभाग आणि स्वभाव दोन्हींना ओरटु. कच्च्या मसुद्याला करडु. जाडसर वाटण्याला तरितरी. म्हणजे कन्नडही एका शब्दावर भागवत नाही.

पाटावरवंटा
धातुपाठ, मसुद्यावरून आठवलं! मराठीत कच्च्या मसुद्याला खर्डा म्हणतात आणि आपल्याकडे तव्यावर ठेचलेल्या मिरच्यांनाही खर्डाच म्हणतात. ‘रफ’चे कच्चा आणि भरड हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले की नाही?

धातुपाठ
आले की! मसुद्याचा खर्डा ‘खरडणे’शी जोडलेला, घाईने ओरखडल्यासारखं लिहिणं. ‘खर्डेघाशी’ त्यातलाच. मिरचीचा खर्डाही बारीक न वाटता रगडून, खरडून केलेला. एका शब्दाचे दोन उपयोग, आणि दोन्हीकडे जाणूनबुजून अर्धवट ठेवलेलं काम.

निपाणी_नाका
आता कृती सांगितल्याशिवाय धागा पुढे सरकू देणार नाही.

पाटावरवंटा
घ्या. दहा-बारा तिखट हिरव्या मिरच्या, देठ काढून, मोठ्या असतील तर मधोमध मोडून. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात त्यांच्यावर पांढरे-काळे डाग पडेपर्यंत परतायच्या. सहा-सात लसूण पाकळ्या शेवटच्या दोन मिनिटांत, आधी टाकल्या तर करपून कडू होतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे, खडा मीठ. मग तवा खाली उतरवून तांब्याच्या बुडाने तव्यावरच रगडायचं. खडा मीठच घ्या, ते मिरचीची साल फाडायला मदत करतं. बारीक मीठ नुसतं विरघळतं.

मिक्सरमध्ये का बिघडतं: पातं कापतं, रगडत नाही. एकसारखे तुकडे होतात, पाणी सुटतं, शेंगदाण्याचं तेल वेगळं होतं आणि चटणीचा लगदा बनतो. तव्यावर रगडलं की काही मिरच्या सालीसकट राहतात, काही पिठासारख्या होतात. त्या असमानपणातच खर्डा आहे. मिक्सरशिवाय पर्याय नसेल तर इंचरवर (क्षणभरच फिरवणाऱ्या बटणावर) दोन-तीन झटके, मध्ये चमच्याने खालीवर, बस्स.

लेथ_आणि_मी
‘डिझेल इंजिन खडबडीत चालतं’ राहिलं. कच्ची वही ताईंच्या रीतीने: याच्या उलट इंजिन एका लयीत चालतं. म्हणून ‘इंजिन अडखळत चालत असल्यास’. मेकॅनिक ‘मिसिंग मारतंय’ म्हणेल, तेही कंसात न घालता पुढे लिहा, मुलांच्या कानावर पडणारच आहे. डिझेलवर अडखळत असेल तर बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असतो किंवा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. फिल्टर बदलल्यावर हवा काढल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर पुन्हा तेच.

आणि मायक्रोमीटरच्या वाक्यात नुसतं ‘धसमुसळेपणाने हाताळू नका’ लिहून भागणार नाही. काय करायचं नाही ते लिहा: आपटायचा नाही, चालू जॉबवर लावायचा नाही, जबडा चिमट्यासारखा आवळायचा नाही, रॅचेटनेच (जास्त जोर लागला की नुसतं फिरणाऱ्या टोकाच्या खुंटीनेच) बंद करायचा, वापरून झाल्यावर जबड्यात थोडी फट ठेवून पेटीत. जबडे घट्ट मिटवून ठेवला तर तापमान बदलल्यावर ताण येतो.

ओळंबा
ड्रॉइंगवर कुठे दगड-फरशीचा उल्लेख असेल तर एक भर. ‘रफ ग्रॅनाइट’ म्हणजे न घोटलेला कच्चा दगडही असतो आणि मुद्दाम आगीने खरखरीत केलेला पक्का दगडही. ऑर्डर देताना उलट बाजू विचारलीच पाहिजे. इलकलच्या लाल ग्रॅनाइटवर आगीची ज्योत फिरवली की वरचे स्फटिक फुटून उडतात आणि पाय घसरत नाही. त्यासाठी जाडी निदान २० मिलिमीटर हवी, पातळ फरशी तडकते. शहाबादी फरशीवर हे करू नका, तो चुनखडक आहे, त्यावर आगीने तशी खरखर येत नाही. तिथे न घोटलेली फरशी घ्या किंवा टाचून घ्या.

अक्षरजुळणी
सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेली वाक्यं अशी:

कच्चं कास्टिंग आधी तपासा, वाळूचे खड्डे आणि चिरा बघा.
जॉबची कच्ची आकृती काढा.
लागणाऱ्या मालाचा ढोबळ अंदाज घ्या.
मायक्रोमीटर आपटू नका, आवळू नका, रॅचेटनेच बंद करा.
डिझेल इंजिन अडखळत चालत असल्यास, म्हणजे मिसिंग मारत असल्यास, फिल्टर बघा आणि लाइनमधली हवा काढा.
पृष्ठभागाचा खरखरीतपणा १.६ मायक्रॉनच्या आत हवा.

‘रफिंग’ आणि ‘रफ कट’ तसेच ठेवलेत, खाली एका ओळीत अर्थ दिलाय. शेवटच्या वाक्याबद्दल एक शंका: आकड्यासोबत फीडचा हिशेबही द्यावा का, की मुलं घाबरतील?

लेथ_आणि_मी
द्या. सूत्र नको, दोन ओळी द्या: टोकाची गोलाई ०.८ असताना फीड ०.२ ला चाकोरी ६.२५ मायक्रॉन, ०.१ ला १.५६. शेजारी दोन्ही फीडवर टर्न केलेले दोन तुकडे तारेने बांधून ठेवा. मुलांनी आधी नखाने आडवं घासून बघावं, मग आकडा वाचावा. ०.२ वर नख अडकतं, ०.१ वर सरकतं.

कच्ची_वही
आणि त्या दोन तुकड्यांना चिठ्ठ्या लावताना ‘रफ’ आणि ‘फिनिश’ लिहू नका हं, ‘खरखरीत’ आणि ‘गुळगुळीत’ लिहा. दोन्ही फिनिश कटच आहेत.

अक्षरजुळणी
बरोबर, हे लक्षात आलं नसतं. बदलतो. पत्रकाचा खर्डा सोमवारी इथेच टाकतो, लाल पेन घेऊन बसा.